ठेवणीचं अंडं

बुधवारी सकाळी डॉक्टर वाघचौऱ्यांनी धिंदळ्यांच्या दारात लाल झेंडी रोवली, तेव्हा नक्षत्रा शाळेच्या वेणीला दुसरी रिबीन बांधत होती. गाठ अर्धीच राहिली.

"सात दिवस," डॉक्टर म्हणाले. "पुढच्या बुधवारी दुपारी बाराला पथक येईल. तोवर कारण सापडलं तर ठीक. नाही सापडलं, तर उंबरमाचीतली एकूण एक कोंबडी..."

पुढचं त्यांना बोलवेना. कुंपणाला टेकून उभ्या असलेल्या चिमामावशीनं ते बोलून टाकलं. "मारनार. सांगा की डाक्टर, तोंडाला काय झालं? मारनार म्हना!"

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पशुवैद्यकीय खात्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती आणि त्यांतली शेवटची चार अशीच, झेंड्या रोवण्यात.

चार वर्षांपूर्वी मुका ताप आला होता. मुका म्हणायचं कारण असं, की त्यात कोंबडी खोकत नाही, मान टाकत नाही, दाणे टिपत हिंडते. फक्त अंडी बंद होतात. पहिले तीन आठवडे घशातला नमुना तपासला तरी विषाणू सापडत नाही, आणि सापडतो तोवर तो माणसांत पोचलेला असतो. त्या वर्षी उंबरमाचीच्या नऊ घरांतून दोन माणसं गेली. त्यात एक चिमामावशीचा नवरा. म्हणून नवा कायदा आला तेव्हा कुणी वाद घातला नाही. कोंबड्या मोकळ्या सोडायच्या नाहीत, आवाराला वरून छप्पर हवं. रोज संध्याकाळी खुराड्यावर खात्यानं बसवलेल्या नोंदीच्या डब्याला अंड्यांचा आकडा सांगायचा. आकडा निम्म्यावर आला की पिवळी झेंडी, मग निघेल ते अंडं सीलबंद पेटीत टाकायचं, खायचं नाही. आकडा जवळपास शून्य झाला आणि कारण दाखवता आलं नाही, की लाल.

"मी शोधते कारण," नक्षत्रा म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. नववीतली पोर, एक वेणी बांधलेली, एक सुटलेली. पण डिसेंबरात तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात ती माइकवर बोलली होती, दुसरा नंबर आला होता, आणि तेव्हापासून तिचा आवाज काही परत खाली आला नव्हता.

"तू?" चिमामावशी म्हणाली. "आगं, तुझ्या शाळंला सांग अंडी घालायला. तेवढंच बाकी हाय."

"सांगते ना. मुख्याध्यापकांपासून सुरुवात करते."

चिमामावशीला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत येऊन तिथंच मेलं. तिच्या आवारात चौदा कोंबड्या होत्या आणि चौदाहींना नावं होती.

घरात बाबांचं यंत्र घुरघुरत होतं. एकनाथ धिंदळे पंधरा वर्षं खडी क्रशरवर होते. दगडाची पूड छातीत जाऊन बसली ती बसलीच. आता नाकात नळी, नळीच्या दुसऱ्या टोकाला हवेतून ऑक्सिजन गाळणारं यंत्र, आणि यंत्राच्या पोटात वीज. माचीवरची लाइन दिवसातून आठ-आठ तास जायची. मग सिलिंडर लावायचा, आणि तो संपायच्या आत लाइन येते का म्हणून सगळ्यांनी दिव्याकडे बघत बसायचं.

ते बसणं यंदाच्या सव्वीस जानेवारीला संपलं. त्या दिवशी नऊही घरांच्या कोंबडीआवारावर सौरपडदा चढला. काचेसारखा आरपार, प्लास्टिकसारखा गुंडाळता येणारा पातळ पडदा, जो उन्हातला काही भाग गिळून त्याची वीज करतो आणि उरलेला उजेड खाली सोडतो. कोंबड्यांना छप्पर, माणसांना वीज. तालुक्यातला पहिलाच प्रयोग. लोक बिचकत होते. तेव्हा ध्वजवंदनाच्या वेळी पुढे होऊन सगळ्यांना समजावून कुणी सांगितलं? नक्षत्रानं. आपल्या आवाराकडे बोट करून म्हणाली होती, "आमच्या घरावर फणसाची सावली आहे, तिथं पॅनल चालत नाही. ऊन आहे ते फक्त कोंबड्यांच्या अंगणात. ते ऊन माझ्या बाबांचा श्वास होणार आहे." बायकांनी डोळ्यांना पदर लावले होते. पडदे चढले.

*

नक्षत्रानं वहीच्या मागच्या पानापासून सुरुवात केली.

आधी खाणं. मका, तांदळाची कणी, नाचणीचा कोंडा. सगळं नेहमीचं, बुरशी नाही. मग टरफलासाठी लागणारा चुना. आई शिंपल्यांचा चुरा घालायची, तो गव्हाणीत पडलेला होता. पाणी झऱ्याचं, तेच माणसं पीत होती. नंतर तिनं एकेक कोंबडी धरून पंखांखाली फुंकर मारून पाहिलं. पिसवा नव्हत्या. धामण अंडी गिळते का म्हणून खुराड्याभोवती राख पसरली. सकाळी राखेवर फक्त कोंबड्यांचीच पावलं, आणि एक तिचं स्वतःचं. कुठं आडोशाला चोरून घालतायत का? आवार हाताएवढं, आडोसा आणायचा कुठून?

उन्हाची काहिली म्हणावी, तर फाल्गुन नुकता लागला होता आणि पहाटे अजून गोधडी सुटत नव्हती. उलट दिवस मोठा होत चाललेला. या दिवसांत कोंबड्यांनी घालून घालून नको करायला हवं.

आणि त्या पिसं गाळत होत्या. अंगणभर पिसं, जशी पावसाळा सरताना गळतात तशी. पिवळ्या झेंडीच्या वेळी तपासायला आलेल्या पथकानं त्याला लक्षण म्हटलं होतं.

"पावसाळा सरल्यासारखं का वागतायत गं या?" ती आईला म्हणाली.

आई, पूनम, माचीची पशुसखी होती. नऊ घरांच्या शेळ्या-कोंबड्यांना लस टोचणं, औषध पाजणं, नियम सांगणं हे तिचं काम. छातीवर खात्याचा बिल्ला. पिवळी झेंडी लागली तेव्हा घरोघर जाऊन 'अंडं खाऊ नका हं' म्हणून तिनंच सांगितलं होतं.

"त्यांना ताप असेल," आई वर न बघता म्हणाली. "तू अभ्यास कर."

"ताप असता तर एव्हाना माणसांत पोचला असता. आणि आई, आपल्यातलं कुणी आजारी आहे का? नऊ घरांत?"

आईनं भांडं जरा जोरात आपटलं.

शनिवारी सकाळची शाळा होती. दुपारी नक्षत्रा खुराड्यात वाकली आणि सहज म्हणून तिनं ठेवणीचं अंडं उचललं.

माचीवर प्रत्येक खुराड्यात एक अंडं ठेवणीचं असतं. ते काढायचं नाही. एक अंडं दिसत राहिलं की कोंबडी त्याच जागी येऊन घालते, रानात जागा शोधत नाही. आपलं तेच उचललं जाऊ नये म्हणून त्याच्यावर कोळशानं आडवी रेघ ओढतात. दोन-तीन दिवसांनी, सडायच्या आत, ते बदलायचं. ताज्यावर रेघ ओढायची आणि जुनं पुसून घरात घ्यायचं. ही बायकांच्या हातांची सवय. आपण करतोय हेही कुणाच्या ध्यानात राहत नाही.

वही पूर्ण करायची म्हणून तिनं ते अंडं बादलीतल्या पाण्यात सोडलं. त्यांच्याकडचं शेवटचं अंडं एकोणीस दिवसांपूर्वीचं. इतकं जुनं अंडं पाण्यात उभं राहतं नाहीतर तरंगतं, कारण टरफलातून ओल निघून जाते आणि आत हवेची पोकळी वाढत जाते.

अंडं तळाला गेलं आणि बादलीच्या बुडाशी आडवं, शांत, निजल्यासारखं पडलं.

ताजं होतं.

नक्षत्रा किती तरी वेळ बादलीत बघत राहिली. मग तिनं अंडं पुसलं, रेघ पुन्हा ओढली, जागेवर ठेवलं आणि कुणाला काही बोलली नाही. तिच्यासारखीला हे फार कठीण गेलं.

रविवारी ती फणसाआड बसली. साडेदहाला खुराड्यात टकली शिरली.

टकली म्हणजे कळपातली सगळ्यांत खालची. दाण्यावर शेवटी येणारी, सगळ्यांच्या चोची खाणारी. बाकीच्यांनी टोचून टोचून तिच्या डोक्यावरचं एकूण एक पीस उपटलं होतं. वर नुसती गुलाबी कातडी. पथकाच्या वहीत तिच्यापुढे 'सर्वाधिक संशयित' लिहिलं होतं. ती अर्धा तास बसली, उठली आणि सगळ्या माचीला ऐकू जाईल अशी ओरडली.

थोड्या वेळानं आई आली. तिनं इकडेतिकडे पाहिलं. ओच्यातून कोळसा काढला, ताज्या अंड्यावर रेघ ओढली, कालचं उचललं आणि पदरानं त्याची रेघ पुसत घरात गेली.

*

"उकडून देते," आई म्हणाली. गॅसवर पाणी खदखदत होतं. "वीस मिनिटं. विषाणू काय, दगड शिजेल."

"आई, मी रोज डब्याला शून्य सांगते. शून्य, शून्य, शून्य."

"मग काय करू? डॉक्टरनं तुझ्या बाबांना रोजचं एक अंडं सांगितलंय. अंगाला मांस नाही राहिलं. एकच कोंबडी घालतीय, तेही पेटीत टाकू? पेटीला काय छाती भरून येणारे?" आईचा आवाज चिरकला. "नऊ घरांना मी नको म्हणून सांगून आले आणि घरी येऊन चूल पेटवली. कळतं मला. बिल्ला काढून ठेवते त्या वेळी. काय हसतीस?"

नक्षत्रा हसत नव्हती. पण तिच्या डोक्यात काहीतरी धावायला लागलं होतं.

"आई, बाकीच्या अकरा का घालत नाहीत हे आपण विचारत बसलो. टकली का घालते?"

"नशीब तिचं."

"टकलीकडं असं काय आहे, जे बाकीच्यांकडं नाही?"

आतून बाबांचा आवाज आला, नळीतून आल्यासारखा, दोन शब्दांमागे एक श्वास. "उलटं विचार. बाकीच्यांकडं आहे... आणि टकलीकडं नाही. पिसं."

नक्षत्रा आत धावली. बाबा खाटेवर उशीला टेकून बसले होते आणि चोरी पकडली गेल्यासारखे हसत होते. अंडं कुठून येतं हे त्यांना केव्हाच कळलं होतं.

त्या दुपारी ती शाळेनं घरी दिलेल्या पाठ्यसंगणकाशी तासभर भांडली, आणि जे हाती लागलं ते बाबांना सांगायला आली. आधी तिनं त्यांचा हात ओढला, खोलीचं दार लोटलं आणि तळव्याखाली टॉर्च धरला.

"काय दिसतं?"

हाडं दिसतील इतका वाळलेला तळवा आतून लालभडक झाला होता.

"लाल."

"टॉर्च पांढरा आहे. मग निळा, हिरवा कुठं गेला? कातडीत अडला. मांस ओलांडून पलीकडं जातो तो फक्त लाल." ती माइकवर बोलावं तशी बोलत होती. "आणि कोंबडी दिवस किती मोठा आहे ते डोळ्यांनी मोजतच नाही, बाबा! आंधळ्या कोंबडीलासुद्धा कळतं. तिच्या मेंदूतच, पार आत, उजेड कळणाऱ्या पेशी आहेत. उजेड पिसांतून, कातडीतून, कवटीतून झिरपत तिथं जातो. रोज पुरेसा वेळ पोचला तर मेंदू म्हणतो, दिवस मोठा झाला, अंडी घाल. नाही पोचला तर म्हणतो, हिवाळा आला. अंडी बंद. पिसं बदल."

"म्हणून पावसाळा सरल्यासारखं..."

"म्हणून! यांच्या डोक्यात काळोख पडलाय. टकलीच्या डोक्यावर पिसं नाहीत, म्हणून तिच्या आत थोडा तरी जातोय."

"पण ऊन तर लख्ख आहे, नक्षे."

ते ऊन तपासायचं साधन ती सोमवारी शाळेतून घेऊन आली. बुटांचं एक खोकं, एका बाजूला पात्यानं पाडलेली फट, आत चकाकती तबकडी. आजोबांच्या काळी म्हणे असल्या तबकडीवर गाणी भरून ठेवायचे. तिच्यावर उजेड पडला की त्याचे रंग सुटे होतात. अंगणाबाहेर उभं राहून तिनं खोक्याला डोळा लावला. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा. पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड. मग ती पडद्याखाली गेली.

तांबडा नव्हता. कुणी कात्रीनं कापून नेल्यासारखा त्या टोकाला काळोख होता.

माणसाच्या डोळ्याला पडद्याखालचं ऊन किंचित निळसर वाटायचं, आणि दोन दिवसांत त्याचीही सवय व्हायची. पडदा माणसांच्या डोळ्यांसाठी तपासला होता. कोंबडीच्या कवटीसाठी तपासावा, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. पडदा नेमका तांबडा उजेड गिळायचा आणि त्याचीच वीज करायचा.

"सापडलं!" ती किंचाळली. टकलीसकट सगळ्या कोंबड्या कोपऱ्यात पळाल्या. "आई! बाबा! सापड..."

उंबऱ्यावर ती थांबली. आत यंत्र घुरघुरत होतं. एक लांब घुर्र, एक फुस्स. एक लांब घुर्र, एक फुस्स.

तो तांबडा उजेड इथं आला होता. कोंबड्यांच्या डोक्यात जायचा तो बाबांच्या छातीत जात होता.

"काय सापडलं गं?" आईनं विचारलं.

"कंपासपेटी," नक्षत्रा म्हणाली. "हरवली होती."

तिनं खोकं माळ्यावर टाकलं.

*

मंगळवारी शाळेत तिनं एकदाही हात वर केला नाही. येताना चिमामावशीच्या आवारापाशी तिची पावलं आपोआप मंदावली. मावशी पडद्याखाली पाय पसरून बसली होती, मांडीवर एक काळी कोंबडी, आणि तिच्या मानेची पिसं एकेक करून सरळ करत होती.

"उद्या बाराला येनार ना गं ते?"

"हो."

"मग सकाळी पोटभर घालते. भिजवलेली ज्वारी ठिवलीय." मावशी कोंबडीशी बोलावं तशी बोलत होती. "हे गेले तवा मी कायबी बोलले नाय. कायदा हाय, माणसं जगली पायजेत. पन आवंदा या आजारी दिसत नायत गं मला. तुला दिसतात?"

नक्षत्रानं दप्तराचा पट्टा ओढून नीट केला. माइकवरचा तो सगळा आवाज कुठं गेला कोण जाणे. ती घरी आली, दप्तर टाकलं आणि बाबांच्या खाटेच्या कडेला बसली.

"सापडलंय तर," बाबा म्हणाले.

तिनं दचकून पाहिलं.

"तू बोलत असलीस की शोधत असतीस. कालपासून गप्प आहेस." त्यांनी श्वास घेतला. "पडदाच ना?"

मग तिला रडू फुटलं, चांगलं मोठ्यानं, लहान पोरासारखं. माळ्यावरचं खोकं, तांबडा पट्टा, सव्वीस जानेवारीचं भाषण, सगळं एकातून एक बाहेर आलं. "मीच सगळ्यांना लावायला लावला, बाबा. आणि आता मीच काढा म्हणू?"

"काही म्हणायचं नाही," आई दारातून म्हणाली. ती केव्हा येऊन उभी राहिली होती कळलंच नाही. "कोंबड्या परत पाळता येतात. सहा महिन्यांनी नवी पिल्लं आणू. घरोघरी मी स्वतः आणून देईन, वाट्यानं देईन. पण पडदा निघाला तर ह्या खोलीत काय होतं ते मी बघितलंय. तू शाळेत असायचीस. मी बघितलंय." तिनं नक्षत्राचा खांदा धरला. "हे आपल्या तिघांत राहू दे."

बाबांनी नाकातली नळी बोटानं सारखी केली.

"पूनम," बाबा म्हणाले. "नऊ घरांच्या कोंबड्या... माझ्या नाकातल्या नळीपायी गेल्या, तर चिमाताईसमोर मी... कुठल्या तोंडानं श्वास घेऊ?"

"ती काय बघायला येणारे?"

"रोज येते. दारातून विचारून जाते. एकनाथा, बरं हाय का." त्यांनी डोळे मिटले. "अकोल्याला ताईकडं जातो. तिथं लाइन जात नाही. कोंबड्या घालायला लागेपर्यंत राहतो. मरायला नाही चाललोय, बहिणीकडं चाललोय."

आईनं बिल्ला काढला, पदरानं पुसला आणि देवळीत ठेवला. सकाळी काय करायचं ते तिचंही ठरलं होतं.

*

बुधवारी साडेअकरालाच पथकाची बंद गाडी येऊन उभी राहिली. नऊ घरांची माणसं अंगणात होती. मधोमध डालग्याखाली टकली.

डॉक्टर वाघचौऱ्यांनी खोक्याला डोळा लावला. पडद्याबाहेर, मग पडद्याखाली. पुन्हा बाहेर, पुन्हा खाली. नक्षत्रा सांगत होती, पण आज हळू आणि नेमकं, एकेक शब्द तोलून.

"पटतंय," ते शेवटी म्हणाले. "मला पटून उपयोग नाही, बाळ. कागदाला पटायला हवं. याच पडद्याखालची, उघड्या डोक्याची कोंबडी घालते, याला पुरावा काय? नोंदीत तर तुझी तेवीस दिवस शून्यं आहेत."

"शून्यं खोटी आहेत," आई म्हणाली.

डॉक्टरांनी खोकं खाली ठेवलं.

"तेवीस दिवसांत तिनं पंधरा अंडी घातली. मी दर वेळी ठेवणीच्या अंड्याची रेघ बदलत होते. पोरीला माहीत नव्हतं. ती अंडी मी नवऱ्याला खायला घातली."

"पूनमताई, तुम्ही पशुसखी आहात."

"म्हणूनच सांगते, साहेब."

चिमामावशीनं 'गं बाई' म्हणून तोंडावर हात ठेवला. कुणीतरी मागून कडवट बोललं, "आमाला पेटीत टाका म्हनली आन्..." आईनं मान खाली घातली नाही. तिनं ते ऐकून घेतलं.

"मला लिहावं लागेल," डॉक्टर म्हणाले.

"लिहा. पण आधी कोंबडी बघा."

बारा वाजले. गाडीतला माणूस घड्याळ दाखवायला लागला. डॉक्टरांनी त्याला हातानं थांबवलं आणि ते डालग्यासमोर चक्क मातीत मांडी घालून बसले. साडेबारा झाले. टकली एकदा उठली, आणि सगळ्या अंगणानं श्वास धरला. ती फिरून परत बसली. उन्हात माणसं उभी. कुणी हललं नाही. नक्षत्राला वाटलं, आपल्या आयुष्यात आपण कुणाकडं इतक्या आशेनं पाहिलं नसेल, जितकं या टोचून काढलेल्या, सगळ्यांत शेवटी दाणा मिळणाऱ्या जिवाकडं पाहतोय.

एकला पाच मिनिटं असताना टकली ओरडली.

डॉक्टरांनी डालगं उचललं. अंडं हातात घेतलं. ते गरम होतं, आणि त्याच्यावर रेघ नव्हती.

त्यांनी मांडीवर कागद ठेवून लिहिलं. कारणाच्या रकान्यात एकच शब्द, 'उजेड'. खाली अट. नऊही पडदे आजच उतरवायचे, वर साधी जाळी. एकवीस दिवस निरीक्षण. तेवढ्यात अंडी आली तर झेंडी निघेल, नाहीतर पथक परत येईल. आणि पशुसखी पूनम धिंदळे यांचा बिल्ला सहा महिन्यांसाठी जमा.

संध्याकाळच्या गाडीनं बाबा गेले. जाताना चिमामावशी गाडीच्या खिडकीपाशी आली. बोलायचं बरंच असावं, पण ती एवढंच म्हणाली, "एकनाथा, बरं राहा."

*

एकवीस दिवसांत पिल्लू अंड्यातून बाहेर येतं. नक्षत्राला ते एकवीस दिवस त्याहून लांब गेले. घरात यंत्राची घुरघुर नव्हती आणि त्या शांततेत झोप लागत नव्हती. आई पहाटे उठून झाडलेलं अंगण परत झाडायची. माचीवर दोन घरं तिच्याशी बोलत नव्हती.

सतराव्या दिवशी चिमामावशीच्या काळीनं घातलं. अठराव्याला तीन. विसाव्या दिवशी नऊ घरांतून सत्तावीस. लाल झेंडी उपटायला डॉक्टर स्वतः आले.

आता पडद्याचं काय करायचं ते ठरवून आले होते. मेंदूला दिवसाची दोन टोकं कळली तरी पुरतं, मधलं तो स्वतः जोडून घेतो. म्हणून सकाळी नऊपर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर पडदा गुंडाळायचा, मधल्या वेळात पसरायचा. नक्षत्रानं गणित मांडलं. धिंदळ्यांची बॅटरी रोज एका तासानं कमी पडत होती.

"एक तास मी यंत्राशिवाय बसेन," बाबा फोनवर म्हणाले. ते परत आल्यावर उपकेंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, हालचाल न करता बसले तर चालेल. सध्या. त्या 'सध्या' शब्दाकडे घरातल्या कुणी पुन्हा वळून पाहिलं नाही. सिलिंडर मात्र आईनं दाराशीच आणून ठेवला.

तेव्हापासून रोज पाचच्या सुमारास बाबा अंगणात येऊन स्टुलावर बसतात. नक्षत्रा पडदा गुंडाळून बांधते. तिरपं तांबूस ऊन आत येतं, कोंबड्या माना वर करून उभ्या राहतात आणि टकलीच्या डोक्यावर कोवळी पिसं फुटलेली दिसतात.

"आता ही पण बंद करणार बहुतेक," पहिल्या दिवशी बाबा म्हणाले. "टक्कल तेवढं... माझ्याकडं राहिलं."

आई हसली. मग तिनं खुराड्यातून अंडी काढून ओच्यात घेतली, एक तिथंच ठेवलं आणि सगळ्यांसमोर त्याच्यावर कोळशानं रेघ ओढली.

नक्षत्रानं डब्याला आकडा सांगितला. "आठ. आणि एक ठेवणीचं, आजचं."

मग ती बाबांच्या शेजारी मातीत बसली. घरात यंत्र बंद होतं. नळी नसलेला, यंत्र नसलेला बाबांचा श्वास तिला ऐकू येत होता. खरखरीत, अडखळत, पण त्यांचा स्वतःचा. बाबांनी मावळतीच्या उन्हासमोर हात धरला. वाळलेल्या बोटांच्या कडा आतून लाल झाल्या.

दिवसभर अखंड बोलणारी ती पोर त्या एका तासात एक शब्द बोलत नाही. ऐकत असते.